कमळाचा देठ आणि वर्सोव्याचे क्षितिज

वर्सोव्याच्या वाळूत, अगदी पाण्याच्या कडेला उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, तर समुद्र किती लांबपर्यंत दिसतो? हा प्रश्न मी गेली अनेक वर्षे दहावीच्या मुलांना विचारत आले आहे. माझी शिकवणी नाही, गणिताची पदवीही नाही. जुने गणितग्रंथ वाचण्याचा नाद आहे, इतकेच. पण इमारतीतली आणि कोळीवाड्यातली मुले अडलेले उदाहरण घेऊन येतात आणि बोलणे लांबत जाते. या प्रश्नाची उत्तरे साधारण ठरलेली असतात. कोणी पन्नास किलोमीटर म्हणतो, कोणी शंभर. एकाने तर 'दुबईपर्यंत' असे ठणकावून सांगितले होते. प्रत्यक्षात हे अंतर साडेचार किलोमीटरच्या आसपास भरते. वर्सोव्याहून घाटकोपरला जाणारी मेट्रो ११.४ किलोमीटर धावते. समुद्र दिसतो तो तिच्या निम्म्या वाटेइतकाही नाही.

हे साडेचार किलोमीटर काढायला दहावीच्या पुस्तकाबाहेरचे काहीही लागत नाही. अडचण एवढीच की ते एका पुस्तकात नाही, दोन पुस्तकांत मिळून आहे. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती. दोन पुस्तके, दोन वह्या, ४०-४० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका, दोन वेगळे दिवस. माझ्या वेळीही पेपर दोनच होते. त्यामुळे मुलांच्या तोंडी एक वाक्य कायमचे बसले आहे: 'माझे बीजगणित बरे आहे, भूमिती जमत नाही.' कधी ते उलटेही असते. या वाक्याच्या जोरावर पंधराव्या वर्षी पुढच्या आयुष्यातून गणित वजा करून टाकलेली मुले मी पाहिली आहेत. ज्याला 'भूमिती' अडते त्याला बऱ्याचदा वर्गांची वजाबाकीच दिसलेली नसते आणि ज्याला 'बीजगणित' अडते त्याने आकृतीच काढलेली नसते, असे माझे मत झाले आहे. ते का, हे दाखवण्यासाठी क्षितिजाचे उदाहरण आधी सोडवू.

पृथ्वी म्हणजे एक मोठे वर्तुळ धरा. वर्तुळाला लागून बाहेर एक बिंदू आहे. तो आपला डोळा, पाण्यापासून १.६ मीटर उंच. डोळ्यापासून निघून समुद्राला जेमतेम शिवणारी नजर म्हणजे स्पर्शिका. ती जिथे टेकते तेच क्षितिज. आता पृथ्वीच्या मध्यापासून त्या स्पर्शबिंदूपर्यंत त्रिज्या काढा. ही रेषा दिलेल्या आकृतीत नसते, ती आपण काढायची असते. शाळेत आपण पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे मथळे घालतो. त्यातल्या 'रचना' या मथळ्याखाली मुले सवयीने काहीतरी खरडतात. खरे तर भूमितीच्या अनेक उदाहरणांचा जीव त्या एका ओळीत असतो, आणि वर्तुळाच्या प्रकरणात ती हरवलेली रेषा बहुधा एखादी त्रिज्याच असते. त्रिज्या काढली की ती स्पर्शिकेला लंब असते, म्हणजे काटकोन त्रिकोण मिळतो. त्याचा कर्ण 'त्रिज्या अधिक डोळ्याची उंची'. एक बाजू त्रिज्या. दुसरी बाजू आपल्याला हवे असलेले अंतर.

इथे भाग २ चे पुस्तक मिटायचे आणि भाग १ चे उघडायचे. अंतराचा वर्ग म्हणजे कर्णाचा वर्ग वजा त्रिज्येचा वर्ग. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या संख्यांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी. कर्ण वजा त्रिज्या ही तर नुसती डोळ्याची उंची, १.६ मीटर. कर्ण अधिक त्रिज्या म्हणजे पृथ्वीचा व्यास आणि वर १.६ मीटर. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणून व्यास १,२७,४२,००० मीटर. त्यात १.६ मिळवले काय आणि नाही मिळवले काय! मुलांना हे 'सोडून देणे' सुरुवातीला पाप वाटते. सव्वा कोटीत दीड रुपयाचा हिशेब कोणी धरत नाही, असे सांगितले की हसतात आणि सोडतात. आता १,२७,४२,००० गुणिले १.६ यांचे वर्गमूळ काढले की सुमारे ४,५१५ मीटर मिळतात. झाले.

यातून एक सोपा नियम निघतो: डोळ्याच्या उंचीचे मीटरमधले वर्गमूळ घ्यावे आणि ३.५७ ने गुणावे, की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये येते. उंची चौपट केली तर अंतर दुप्पट होते, चौपट नाही. आठ मजली इमारतीची गच्ची साधारण २५ मीटर उंच धरली तर तिथून क्षितिज १७.८ किलोमीटरवर जाते. आणि ज्या होडीच्या डोलकाठीचे टोक पाण्यापासून ९ मीटर उंच असेल, त्या टोकावरून तिचे स्वतःचे क्षितिज १०.७ किलोमीटरवर असते. म्हणून किनाऱ्यावर उभ्या माणसाला ते टोक ४.५ अधिक १०.७, म्हणजे १५.२ किलोमीटरपर्यंत दिसू शकते, होडीचे अंग मात्र कधीच पाण्याखाली गेल्यासारखे झालेले असते. कोळीवाड्यातल्या मुलांना यातले काहीच नवे नसते. परत येणाऱ्या होडीचा बावटा आधी दिसतो हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले असते. त्यांना नवे वाटते ते इतकेच, की हे भूमितीच्या पुस्तकात आहे.

आता हेच उदाहरण दुसऱ्या वेषात पाहू, आणि त्यासाठी सह्याद्रीच्या पलीकडे जावे लागेल. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. त्याचा पहिला भाग 'लीलावती', दुसरा 'बीजगणित'. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापला, त्याचा १२०७ चा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे; तो प्रथम अभ्यासकांपुढे आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. 'लीलावती'चे जॉन टेलर यांनी केलेले इंग्रजी भाषांतरही १८१६ मध्ये मुंबईतच छापले गेले. मराठी वाचकाला ना. ह. फडके यांच्या 'लीलावती पुनर्दर्शन'मधून हा ग्रंथ आज सहज वाचता येतो.

'लीलावती'त एका तळ्याचे उदाहरण आहे. कमळाचे टोक पाण्याच्या वर वीतभर, म्हणजे अर्धा हात आहे. वारा येतो, देठ हळूहळू कलतो, आणि मूळ जागेपासून दोन हातांवर कमळ पाण्यात बुडते. तर पाणी किती खोल? मुळापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत सरळ उभी रेषा म्हणजे खोली. कललेला देठ म्हणजे कर्ण. त्याची लांबी 'खोली अधिक अर्धा हात'. तिसरी बाजू दोन हात.

ही आकृती क्षितिजाच्या आकृतीशेजारी ठेवून बघा. तिथे कर्ण 'त्रिज्या अधिक उंची' होता, इथे 'खोली अधिक अर्धा हात' आहे. तळ्याच्या खोलीच्या जागी पृथ्वीची त्रिज्या ठेवली, वीतभर कमळाच्या जागी आपला डोळा ठेवला आणि दोन हातांच्या जागी क्षितिजाचे अंतर ठेवले, की बारावे शतक आणि वर्सोव्याची वाळू यांत फक्त आकड्यांचा फरक उरतो. कमळाच्या उदाहरणात खोली शोधायची आहे आणि क्षितिजाच्या उदाहरणात आडवे अंतर, एवढेच.

सोडवणूकही तीच. कर्ण वजा खोली अर्धा हात. दोनचा वर्ग चार. चार भागिले अर्धा म्हणजे आठ. ही झाली कर्ण आणि खोली यांची बेरीज. बेरीज आठ, वजाबाकी अर्धा; म्हणून कर्ण सव्वाचार हात आणि खोली पावणेचार हात. कोळी लोक पाण्याची खोली वावांत मोजत, दोन्ही हात पसरून होते ती वाव, साधारण चार हातांची. म्हणजे भास्कराचार्यांचे तळे पाव हात कमी एक वाव खोल आहे. माणूस जेमतेम बुडेल इतके.

बेरीज आणि वजाबाकी कळल्यावर मूळ संख्या काढण्याच्या या रीतीला 'लीलावती'त संक्रमण म्हटले आहे. रीत अगदी साधी: दोन्ही मिळवून निम्मे केले की मोठी संख्या, वजा करून निम्मे केले की लहान. पण भास्कराचार्यांनी तिच्यावर किती कामे लावली आहेत! बत्तीस हातांचा वेळू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकला. किती उंचीवर मोडला? इथे कर्ण आणि उभी बाजू यांची बेरीज बत्तीस. सोळाचा वर्ग २५६, त्याला ३२ ने भागले की वजाबाकी आठ. म्हणून वीस आणि बारा; वेळू बारा हातांवर मोडला. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या पायथ्याशी बीळ आहे, सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येतो आहे, मोर तिरकी झेप घेतो आणि दोघांची चाल सारखीच भरते. बिळापासून किती अंतरावर गाठ पडली? मोराची झेप हा कर्ण, सापाचे बिळापर्यंत उरलेले अंतर ही आडवी बाजू, दोहोंची बेरीज सत्तावीस. ८१ भागिले २७ म्हणजे तीन. पंधरा आणि बारा. सापाचे बीळ बारा हातांवर राहिले.

दहावीच्या त्रिकोणमितीतही वादळाने मोडलेले झाड असते. पण तिथे शेंडा जमिनीशी किती अंशांचा कोन करतो हे दिलेले असते. कोन काढून घ्या आणि झाडाची पूर्ण उंची द्या, की भास्कराचार्यांचा वेळू झाला. असे बदललेले उदाहरण मी मुलांपुढे ठेवते तेव्हा काय घडते ते पाहण्यासारखे असते. बहुतेक जण क्ष धरतात, बत्तीस वजा क्षचा वर्ग मांडतात, आणि क्षवर्ग दिसताच त्यांचा चेहरा पडतो. आता वर्गसमीकरण सोडवावे लागणार. काही तिथेच पेन ठेवतात. जे एक ओळ पुढे जातात त्यांना दिसते की क्षवर्ग दोन्ही बाजूंना आहे आणि तो उडून जातो. मागे उरते साधे एका चलातले समीकरण. तो उडतो ते नशिबाने नव्हे. अज्ञात राशी कर्णातही आहे आणि बाजूतही, आणि दोन्हीकडे ती सारख्याच प्रमाणात आहे, म्हणून. भीती ज्याची वाटली ते उदाहरणात नव्हतेच.

हे सर्व भास्कराचार्यांनी पहिल्यांदा शोधले असे मात्र कोणी समजू नये. चीनमधल्या 'नऊ प्रकरणांचे गणित' या प्राचीन ग्रंथात तळ्याच्या मधोमध वाढलेल्या बोरूचे उदाहरण आहे: तळे दहा मापांचे चौरस, बोरू पाण्यावर एक माप, काठाकडे ओढला तर बरोबर काठाला टेकतो, उत्तर खोली बारा, बोरू तेरा. मोडलेला वेळूही त्यात आहे. आपल्याकडे इ.स. ६२९ मध्ये दुसऱ्या एका भास्कराने, ज्याला आपण पहिला भास्कर म्हणतो, आर्यभटीयावर भाष्य लिहिले. त्यातही कमळ आणि वेळू आहेतच. आणि त्याची सोडवण्याची रीत वेगळी आहे. मला तरी ती या सगळ्या गोष्टीतला सर्वांत देखणा भाग वाटते.

आर्यभटाचा नियम असा: वर्तुळातल्या एखाद्या जीवेला काटकोनात निम्मे करणारा व्यास घेतला, तर त्या व्यासाचे जे दोन तुकडे पडतात त्यांचा गुणाकार हा अर्ध्या जीवेच्या वर्गाइतका असतो. तुकड्यांना नाव दिले आहे शर, म्हणजे बाण. आज शाळेत आपण ज्याला जीवा म्हणतो ती धनुष्याची दोरी, वर्तुळाचा कंस म्हणजे कमान, आणि दोरीच्या मध्यापासून कमानीपर्यंतचे अंतर म्हणजे बाण. पहिला भास्कर कमळाच्या मुळाशी मध्य धरून देठाच्या लांबीने वर्तुळ काढतो. कारण देठ कलताना त्याचे टोक वर्तुळावरच फिरते! पाण्याचा पृष्ठभाग ही जीवा, तिचा अर्धा भाग दोन हात. वरचा बाण अर्धा हात. म्हणून खालचा बाण चार भागिले अर्धा, आठ हात. दोन्ही बाण मिळून व्यास साडेआठ हात, त्याचे निम्मे सव्वाचार हात देठ. समीकरण मांडलेच नाही आणि उत्तर आले.

मघाशी ज्या आठला आपण 'कर्ण आणि खोली यांची बेरीज' म्हटले, तोच आठ इथे डोळ्यांना दिसणारी एक रेषा झाला आहे. बेरीज गुणिले वजाबाकी ही बीजगणितातली गोष्ट, बाण गुणिले बाण ही भूमितीतली, आणि दोन्ही एकच. क्षितिजाच्या वेळी वर्तुळ वेगळे होते. तिथे त्रिज्या ही काटकोन त्रिकोणाची बाजू होती, कर्ण नव्हे. तरी तेथेही पुस्तकातले स्पर्शिका-छेदिकेचे प्रमेय हेच सांगते की स्पर्शिकेचा वर्ग म्हणजे बाहेरचा तुकडा गुणिले पूर्ण छेदिका. बाहेरचा तुकडा १.६ मीटर, पूर्ण छेदिका व्यास अधिक १.६ मीटर. हे प्रमेय मुलांना पाठ असते. ते 'वर्गांतर' या सूत्राचेच चित्र आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, कारण ते दुसऱ्या पेपरात येते.

भास्कराचार्यांना हे दोन पेपर मान्य झाले नसते, असे म्हणायला आधार आहे. आपल्या 'बीजगणिता'त ते स्पष्ट म्हणतात की उपपत्ती सर्वत्र दोन प्रकारची असते, एक क्षेत्रगत आणि एक राशिगत. म्हणजे एक आकृतीतून आणि एक संख्यांतून. त्याच ग्रंथात अज्ञात राशींना ते यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक अशी नावे देतात. काळा, निळा, पिवळा. आमच्या क्षपेक्षा हे किती सुंदर! असो.

ही रीत सगळीकडे चालते असे मी म्हणणार नाही. समरूप त्रिकोणांची उदाहरणे गुणोत्तरांवर चालतात, तिथे वर्गांतर काही कामाचे नाही. आणि कोन शोधायचे असतील तर आकृतीत कोन भरत जाण्याशिवाय इलाज नाही. पण लांबी शोधायची आहे आणि कुठेतरी काटकोन आहे किंवा त्रिज्या काढून तो आणता येतो, अशा उदाहरणांत मी मुलांना आधी क्ष धरू देत नाही. आधी आकृती, मोठी, पानभर. मग प्रत्येक बाजूवर तिचे नाव शब्दांत: 'देठ', 'खोली', 'झेप'. मग एकच प्रश्न: कर्ण आणि एक बाजू यांची बेरीज माहीत आहे की वजाबाकी? दोहोंतले एक माहीत असले आणि तिसरी बाजू माहीत असली की बाकीचे तोंडी होते. आणि ज्याला वर्गांतराचे सूत्रच खोटे वाटते त्याच्यासाठी कागद आणि कात्री: मोठ्या चौरसाच्या कोपऱ्यातून लहान चौरस कापून टाकायचा, उरलेल्या तुकड्याची एक पट्टी कापून दुसरीकडे जोडायची, की आयत होतो. त्याची लांबी बेरजेइतकी, रुंदी वजाबाकीइतकी. घरात एकदा कापलेला हा कागद मुलांना पुढे बराच काळ आठवतो, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना आणखी पुढे जायचे असेल त्यांच्यासाठी कमळाचा प्रश्न जसाच्या तसा, पृथ्वीच्या मापाने. म्हणजे आडवे अंतर माहीत, वरचा तुकडा माहीत, खोली, म्हणजे पृथ्वीची त्रिज्या, काढायची. अंतर फितीने मोजता येत नाही, पण सूर्यास्ताने मोजता येते. एकाने वर्सोव्याच्या वाळूत पाण्याशी उभे राहावे, डोळा १.६ मीटर. दुसऱ्याने किनाऱ्यालगतच्या २५ मीटर उंच गच्चीवर. दोघांनी फोन चालू ठेवावेत. खालच्याचा सूर्य आधी बुडतो, वरच्याचा नंतर, कारण वरच्याचे क्षितिज १३.३ किलोमीटरने दूर आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ४४० मीटर सरकते, म्हणून दोन सूर्यास्तांत साधारण तीस सेकंदांचे अंतर पडते. उलटे गणित करताना त्रिज्या अज्ञात धरायची: दोन्ही उंचींची वर्गमुळे ५ आणि सुमारे १.२६, अक्षांश १९ अंश. सगळे मांडून सोपे केले की ७६,८०० ला सेकंदांनी भागायचे आणि येईल त्याचा वर्ग करायचा, एवढेच उरते, उत्तर मीटरमध्ये. ३० सेकंदांना ६,५५४ किलोमीटर, ३१ सेकंदांना ६,१३८. एका सेकंदाच्या चुकीने चारशे किलोमीटरांचा फरक पडतो, तेव्हा 'बुडाला' असे म्हणणारा माणूस निवडून घ्यावा.

हवेमुळे प्रकाश किंचित वाकतो आणि क्षितिज हिशेबापेक्षा सुमारे आठ टक्के दूर जाते. त्यामुळे घड्याळात तीसऐवजी तेहेतीसच्या आसपास सेकंद भरतील आणि पृथ्वी सुमारे सातव्या हिश्शाने लहान निघेल. हा गणिताचा दोष नाही, तेव्हा मुलांनी आकडे जुळवून आणू नयेत. मोजमाप विषुवदिनाजवळ केलेले बरे, कारण तेव्हा सूर्य आपल्याकडे सर्वांत वेगाने क्षितिजाखाली उतरतो. पण सप्टेंबरात ढग असतात आणि मार्चमध्ये आपल्या शहराची धूळ सूर्याला पाण्यापर्यंत पोहोचूच देत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीत, पाऊस नुकताच गेलेला असताना एखादी संध्याकाळ लख्ख मिळते. ऑक्टोबर संपेपर्यंत वेळेतली वाढ तीन-चार टक्क्यांवर गेलेली नसते. भरतीची वेळ मात्र आधी पाहून ठेवावी. डोळ्याची उंची पाण्यापासून मोजायची आहे, वाळूपासून नाही.